केळी बंद, तरी पोटॅशियम चढतंच

आदरणीय मावशी, सप्रेम नमस्कार.

आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि बारावीतली मुलगी. सासूबाई सत्तर वर्षांच्या आहेत, पंधरा वर्षांपासून मधुमेह, बीपीसाठी टेल्मिसार्टन. ऑक्टोबरात तपासण्या केल्या तेव्हा त्यांचं पोटॅशियम ५.३ आलं, क्रिएटिनिन १.६. डॉक्टर म्हणाले, फळं जरा कमी करा. मी केळं, नारळपाणी, संत्रं, टोमॅटो, पालक, डाळी, सगळंच बंद केलं. महिनाभराने घरी माणूस बोलावून परत रक्त दिलं, तर ५.७! सासऱ्यांचं नेमकं उलट. ते पंचाहत्तरचे. त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे आणि पोटॅशियम ३.२. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. त्यांना सांगितलंय, रोज दोन केळी खा, नारळपाणी प्या. सासूबाई म्हणतात, “त्यांना सगळं आणि मला दुधी.” परवा एकादशीला त्यांनी साबुदाण्याची खिचडी मागितली. मी नाही म्हटलं तर चक्क रडल्या. हल्ली पोटही साफ होत नाही त्यांचं. गराडूचे, म्हणजे इथल्या तळून खायच्या कंदाचे, दिवस आहेत, तेही बंद. मी खूप जपते हो मावशी. तेल मोजून घालते, आणि दिवाळीपासून यजमानांनी मुद्दाम महागातलं कमी सोडियमचं मीठ आणलंय, तेच वापरते. गुडघ्यांसाठी सासूबाई दुकानातून आणलेली एक गोळी घेतात, बाकी काही नाही. माझं कुठे चुकतंय?

– एक सून, इंदूर

सूनबाई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. खूण कुठे केली असेल, सांगा बरं? केळ्याखाली नाही आणि साबुदाण्याखालीही नाही. ‘कमी सोडियमचं मीठ’ या शब्दांखाली केली. तेव्हा पुढचं वाचायच्या आधी उठा आणि ओट्यावरची ती बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवा. आजची आमटी साध्या मिठात करा, नेहमीपेक्षा थोड्या कमी मिठात. मग चहा घेऊन बसा, सांगते.

मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. त्यातलं सोडियम कमी करायचं तर त्या जागी खारटच लागणारं दुसरं काही घालावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. पाकिटावर पुढे मोठ्या अक्षरांत ‘सोडियम कमी’ असतं. कशाच्या बदल्यात कमी, ते मागे बारीक अक्षरांत असतं. पोटॅशियम क्लोराइडच्या वजनातला निम्म्याहून जरा जास्त भाग, शंभरात बावन्न, हा निव्वळ पोटॅशियमचा. तुमच्या पाकिटात किती टक्के आहे ते मला इथून दिसत नाही, ते तुम्ही चष्मा लावून वाचा. पण समजा पाव हिस्सा आहे. सासूबाईंच्या पोटात भाजी, आमटी, कणीक धरून दिवसाला सहा ग्रॅम मीठ जातं असं धरू. त्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे पावणेआठशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम. मध्यम केळ्यात चारशेच्या आसपास असतं. थोडक्यात, पुढच्या दाराने तुम्ही दोन केळी बाहेर घालवलीत आणि मागच्या दाराने तेवढंच पोटॅशियम आत घेतलंत, तेही रोज, न चुकता, तिन्ही त्रिकाळ. केळ्यासोबत चोथा असतो, साखर असते, ते सावकाश पचतं. मिठातलं पोटॅशियम मात्र पाण्यात विरघळलेलं, लगेच शोषलं जाणारं.

यजमानांना यावरून काही बोलू नका. त्यांनी आणलं ते चांगल्याच हेतूने, आणि वाचलं तेही खोटं नव्हतं. चीनमधल्या सहाशे खेड्यांत जवळपास एकवीस हजार लोकांवर हेच करून पाहिलं गेलं. पाऊण हिस्सा साधं मीठ, पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड, आणि पाच वर्षं वाट पाहणं. २०२१ साली निष्कर्ष आले, ते असे की पक्षाघाताचं प्रमाण चौदा टक्क्यांनी घटलं. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५ मध्ये असं मीठ वापरायला हरकत नाही, असं सुचवलं. मात्र त्या खेड्यांतल्या प्रयोगात किडनीचा गंभीर आजार असलेल्यांना मुळात घेतलंच नव्हतं, आणि संघटनेनेही किडनी अधू असलेले, गरोदर बायका आणि मुलं यांना स्पष्ट वगळलं आहे. तुमच्या सासूबाई नेमक्या वगळलेल्यांत बसतात. मीठ वाईट नाही, ते चुकीच्या घरात आलं.

आता कोणीतरी म्हणेल, मग सैंधव घ्या. इंदुरात हे दर दुसरं माणूस म्हणतं. सैंधवही सोडियम क्लोराइडच. त्याने पोटॅशियम फारसं वाढणार नाही हे खरं, पण बीपीला ते साध्या मिठापेक्षा सोज्वळ असतं हा गोड गैरसमज आहे. उपासाला वापरा, पण मोजून.

पेन्सिलची दुसरी खूण गुडघ्यांच्या गोळीखाली. “बाकी काही नाही” असं तुम्ही लिहिलंत, आणि मला त्याच वाक्याची धडकी भरली. दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी बहुधा डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा त्यांच्याच गोतातली असते. या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्ताचा प्रवाह कमी करतात आणि पोटॅशियम बाहेर टाकायची तिची ताकदही घटवतात. सोबत टेल्मिसार्टन असेल तर दोघांचा जोर एकाच जागी पडतो. पत्ता उलटून नाव वाचा आणि डॉक्टरांना कळवा. गुडघ्यासाठी दुसरं काहीतरी ते देतील. सत्तर वर्षांच्या बाईने गुडघे दुखत ठेवून बसावं, असं माझं म्हणणं नाही.

टेल्मिसार्टनमुळेही पोटॅशियम वाढतं. हे वाचून गोळी बंद कराल, म्हणून लगेच सांगते: करू नका. मधुमेहात किडनी सांभाळणाऱ्या औषधांत ते गणलं जातं. डोस कमी करायचा, बदलायचा, की पोटॅशियम आतड्यातच धरून ठेवणारी पावडर सोबत द्यायची, हा डॉक्टरांचा निर्णय. तुम्ही फक्त मिठाची आणि गुडघ्याच्या गोळीची गोष्ट त्यांच्या कानावर घाला. ती त्यांना ठाऊक नसणार. ‘काय औषधं चालू आहेत?’ या प्रश्नाला आपण मीठ असं उत्तर देत नाही ना.

तिसरी खूण क्रिएटिनिनच्या १.६ वर. क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा. आकडा किरकोळ दिसतो, एकच्या जरा पुढे. पण सत्तर वर्षांच्या बाईत १.६ क्रिएटिनिन म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता साधारण पस्तिशीच्या आसपास, जिथे तरुण निरोगी माणसाची शंभराच्या घरात असते. एवढ्या किडनीवरही पुष्कळ लोक वर्षानुवर्षं नीट राहतात, घाबरू नका. पण पोटॅशियमचं सगळं गणित इथेच फिरतं, ते एकदा समजून घ्या, म्हणजे केळ्यावरचा तुमचा राग जाईल.

शेतकरी माणसाला पोटॅशियम लगेच कळतं. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश लिहिलेलं असतं, त्यातला पालाश तो हा. जमिनीतून झाडात आणि झाडातून आपल्यात. आपल्या अंगातलं अठ्ठ्याण्णव टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात, उरतं ते जेमतेम दोन ग्रॅम. रिपोर्टात ३.५ ते ५ हा जो आकडा येतो तो या बाहेरच्या चिमूटभराचा. आता बघा, मोठ्या माणसाने दिवसाला साडेतीन ग्रॅम पोटॅशियम खावं असं आपल्याकडची पोषण संस्थाच सांगते. बाहेर आहे त्याहून जास्त पोटॅशियम आपण एका दिवसात गिळतो! ते सगळं रक्तात साचलं असतं तर माणूस संध्याकाळ बघू शकला नसता. साचत नाही, कारण जेवण झाल्याबरोबर इन्सुलिन साखरेसोबत पोटॅशियमलाही पेशींच्या आत ढकलतं, आणि पुढच्या काही तासांत किडनी जास्तीचं लघवीतून काढून टाकते. थोडं, दहा टक्क्यांच्या आसपास, शौचावाटे जातं.

एक दिवसाआड नर्मदेचं पाणी भरणाऱ्या इंदूरकरांना टाकी काय समजवायची? नळ किती मोठा सोडला यावर टाकी भरून वाहणार की नाही हे ठरत नाही. खालची तोटी चालू असली की नळ कितीही सोडा. तरुण, धडधाकट माणूस सहा केळी खाऊनही जागचा हलत नाही, त्याचं पोटॅशियम चारच्या आसपासच राहतं. सासूबाईंची तोटी अर्ध्याहून जास्त बंद आहे. त्यातच जुन्या मधुमेहात पोटॅशियम बाहेर काढायचा हुकूम देणारं अल्डोस्टेरॉन पुष्कळदा कमी पडतं, टेल्मिसार्टन ते आणखी दाबतं, आणि गुडघ्याची गोळी उरलेल्या तोटीत बोळा कोंबते. एवढं झाल्यावर नळाचा हिशोब ठेवावा लागतो. पण आधी बोळा काढायचा की आधी नळ बंद करायचा, तुम्हीच सांगा.

मी सत्तावीस वर्षं आहार लिहून दिला आणि त्यातली निदान पंधरा वर्षं पेशंटच्या हातात एक छापील कागद ठेवत गेले. त्यावर केळं, नारळपाणी, टोमॅटो, बटाटा, पालक, डाळी या सगळ्यांवर फुली असायची. माणसं इमानदारीने पाळायची आणि वाळून जायची. अलीकडे किडनीचे डॉक्टर सरसकट फळं-भाज्या तोडायला कचरतात. २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही माणूस पाहून, त्याचा आकडा पाहून प्रमाण ठरवा असंच सांगतात. ताटातलं पोटॅशियम आणि रक्तातलं पोटॅशियम यांचं नातं आम्हाला वाटायचं तेवढं सरळ नाही. तो कागद मी आता कोणालाही देत नाही.

बंदीचा एक तोटा तर तुमच्या पत्रातच आहे. डाळी गेल्या, फळं गेली, पालेभाजी गेली, चोथा संपला आणि पोट साफ होईना. किडनी थकली की आतडं आपला वाटा वाढवून जास्त पोटॅशियम शौचावाटे काढू लागतं. बद्धकोष्ठ झालं की तीही वाट अडते. म्हणजे पथ्यानेच पोटॅशियम चढायला हातभार लावला, असंही असू शकेल.

आणि तो ५.७ हा आकडा खरा किती, हेही पाहायला हवं. रक्त घरी येऊन नेलं म्हणता. त्या मुलाने पट्टा करकचून बांधला होता का? शीर सापडेना म्हणून सासूबाईंना मूठ उघड-मीट करायला लावली का? मूठ आवळत राहिलं की स्नायूतलं पोटॅशियम शिरेत उतरतं आणि आकडा एकाने वर जाऊ शकतो. रक्त काढताना पेशी फुटल्या, किंवा नळी डिकीत ठेवून तो आणखी दहा घरं फिरला, तरी तेच. पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि रिपोर्ट लालेलाल येतो. म्हणून या दोन-तीन दिवसांत लॅबमध्ये जाऊन परत रक्त द्या. मूठ नुसती मिटलेली, पट्टा सैल, नमुना लगेच मशीनवर. सोबत सोडियम, क्रिएटिनिन आणि बायकार्बोनेट करून घ्या. रक्तात आम्ल वाढलं असेल तरी पोटॅशियम चढतं आणि त्याला साधे उपाय असतात. एक ईसीजीही काढून घ्या.

वाट कधी पाहायची नाही तेही इथेच लिहिते. आकडा सहा किंवा त्यावर आला, किंवा आकडा काहीही असो पण पायांतली शक्ती गेल्यासारखी वाटली, छातीत धडधड झाली, नाडी फार मंद लागली, दम लागला, चक्कर आली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. वाढलेलं पोटॅशियम पुष्कळदा काहीच न सांगता थेट हृदयाच्या ठोक्यावर जातं.

आता स्वयंपाकघर. इथे मात्र आपल्या आज्या जे करत होत्या तेच कामाला येतं. पोटॅशियम पाण्यात उतरतं. पुरणासाठी डाळ भरपूर पाण्यात शिजवून तुम्ही कट काढता ना? डाळीतलं बरंच पोटॅशियम त्या कटात जातं. सासूबाईंना कटाची आमटी नको, पण कट काढलेली डाळ चालेल. कच्च्या तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला जवळपास चौदाशे मिलिग्रॅम असतं, म्हणून मूठभर डाळ कुकरला लावून तिचं पाणी तिच्यातच घोटलं तर काहीच कमी होत नाही. उघड्या पातेल्यात जास्त पाणी घालून शिजवा, पाणी ओता, मग फोडणी द्या. चव जाते, हो. हिंग, आलं, कढीपत्ता थोडा मोकळ्या हाताने घाला. चिंच मात्र जपून, तिच्यात पोटॅशियम भरपूर असतं. त्यापेक्षा लिंबू पिळा.

बटाट्याचंही तसंच. चिरून रात्रभर नुसत्या गार पाण्यात ठेवायची पद्धत आम्हीही सांगायचो, तिने फारसं काही होत नाही. २००८ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी मोजून पाहिलं, तेव्हा बारीक फोडी करून उकळल्या की निम्मं पोटॅशियम निघून जातं, किसून उकळलं तर तीन चतुर्थांश, आणि नुसतं भिजवून जवळपास काहीच नाही. अख्खा बटाटा सालासकट कुकरमध्ये उकडला तर सगळं आतच राहतं. तेव्हा आधी चिरा, मग उकळा, मग पाणी मोरीत. तेच पाणी ‘पौष्टिक आहे’ म्हणून कणकेत मळू नका. ही सवय आपल्या बायकांना फार.

खिचडीवरून रडवलंत त्यांना, आणि तेही विनाकारण. साबुदाण्यात पोटॅशियम नसल्यातच जमा आहे, शंभर ग्रॅमला दहा-अकरा मिलिग्रॅम. खिचडीत ते येतं दाण्याच्या कुटातून आणि बटाट्यातून. दाण्यात शंभर ग्रॅमला सातशेच्या आसपास. कूट दोन चमचे घाला, बटाटा वगळा किंवा उकळून घ्या, आणि छोटी वाटी द्या. छोटी अशासाठी की साबुदाणा साखर भराभर वाढवतो. वऱ्याचे तांदूळ त्याहून बरे. उपासाच्या फराळात खरा डोंगर उभा राहतो तो रताळं, खजूर, केळं, नारळपाणी आणि राजगिरा एकाच दिवशी आल्यावर. आणि निर्जळी वगैरे त्यांना मुळीच करू देऊ नका. लांबलेल्या उपासात इन्सुलिन खाली येतं आणि न खाताही पोटॅशियम पेशींतून बाहेर पडतं. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना साखर उतरायची भीती वेगळीच.

फळ रोज एक द्या. वाटीभर पपई किंवा एक छोटं सफरचंद, नासपती, अननसाच्या दोन चकत्या, उन्हाळ्यात जांभळं. मधुमेहाला चांगला म्हणून तुम्ही पेरू देत असाल तर थांबा. पेरूत वजनाला वजन केळ्याहून कमी पोटॅशियम नाही, थोडं जास्तच आहे. पेरू सज्जन आणि केळं दुर्जन, हे कोणी ठरवलं देव जाणे. एक फळ मात्र पूर्ण बंद, कमरख. फेरीवाल्याकडे तिखट-मीठ लावून मिळतं ते पाच कडांचं आंबट फळ. अधू किडनीच्या माणसाच्या मेंदूवर त्यातलं विष जातं, उचक्यांपासून सुरू होऊन झटके येण्यापर्यंत. एक फोडही नको.

सकाळचे पोहे चालतील, पोहे मुळात तांदळाचेच. वरची शेव चिमूटभर, कारण बेसन म्हणजे डाळच, आणि शेवेतलं मीठही. जिलबीबद्दल मी काही बोलत नाही, मधुमेह तुमच्याही लक्षात आहे. हिवाळ्यातले डिंकाचे लाडू तेवढे आवरा. खारीक, खोबरं, गूळ, सगळे पालाशवाले एका लाडवात.

आता सासरे, ज्यांच्या वाट्याला सगळं आलंय असं सासूबाईंना वाटतं. त्यांच्या तोटीला उलटा आजार, गोळीने ती उघडी ठेवलीय आणि पोटॅशियम लघवीतून वाहून जातंय. दोन केळ्यांनी हे भरून येईल का? ३.२ म्हणजे अंगातली तूट साधारण शंभर ते दोनशे मिलिइक्विव्हॅलंटची (हे पोटॅशियम मोजायचं एकक), आणि एका केळ्यात असतात दहा. त्यात आणखी एक मेख आहे. लघवीच्या गोळीने पोटॅशियमसोबत क्लोराइडही जातं, आणि फळांतलं पोटॅशियम क्लोराइडच्या जोडीने येत नाही, म्हणून ते नीट टिकत नाही. अशा वेळी पोटॅशियम क्लोराइडचं औषध किंवा गोळीतच बदल हा खरा इलाज असतो. केळी खाऊ द्या, आनंदाने खाऊ द्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. डॉक्टरांना मॅग्नेशियम तपासायला सांगा, कारण ते कमी असलं की पोटॅशियम कितीही द्या, वर येत नाही. सोडियमही तपासा. म्हाताऱ्या माणसांत अशा गोळ्यांनी ते बरंच उतरतं, आणि थकवा, गोंधळल्यासारखं होणं, तोल जाणं हे सगळं वयावर ढकललं जातं.

फळीवरची ती बरणी सासऱ्यांना चालेल का, असं तुमच्या मनात आलंच असेल. त्यांची किडनी ठणठणीत असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर कदाचित चालेलही. पण एका ओट्यावर दोन मिठाच्या बरण्या मी ठेवू देणार नाही. तुम्ही दमलेल्या, मुलीची बारावी, कधीतरी हात चुकणारच. दोघांना एकच साधं मीठ, कमी. आणि औषधं? ती दोघांची एकाच डब्यात असतात का? सासऱ्यांना उद्या पोटॅशियमचं सिरप लिहून दिलं आणि ते चुकून सासूबाईंच्या चमच्यात गेलं तर काय होईल, हे आता तुम्हाला सांगायला नको. दोन डबे करा, झाकणांचे रंग वेगळे ठेवा.

सासूबाईंना हे सगळं तुम्हीच समजावून सांगा, डॉक्टरांच्या नावावर ढकलू नका. त्यांना आजवर फक्त ‘नाही’ ऐकू आलंय. काय काय परत येतंय ते आधी सांगा: डाळ आली, फळ आलं, एकादशीची खिचडी आली. सासऱ्यांनाही म्हणावं, केळं खाताना पाठ फिरवून खाऊ नका, तिला जास्त लागतं ते.

राहिले गराडू. तुमच्या सराफा बाजारात रात्री तेलातून काढून मसाला भुरभुरून देतात ते तर नकोच. कंदात मुळातच शंभर ग्रॅमला आठशेच्या घरात पोटॅशियम, आणि तळताना त्यातलं काही कुठे जात नाही. या आठवड्यातही नको. पुढचा आकडा पाचच्या आसपास उतरू द्या, डॉक्टरांना विचारा, आणि मग एखाद्या रविवारी घरी करा. साल काढून लहान फोडी, भरपूर पाण्यात उकळून, पाणी ओतून, पुसून कोरड्या करून तव्यावर थोड्या तेलात. लिंबू, जिरेपूड, मिरपूड, आणि मीठ बोटाच्या चिमटीत येईल तेवढंच. सासूबाईंच्या ताटलीत चार फोडी. पाचवी मागतील. तेव्हा तुमच्या ताटलीतही चारच ठेवलेल्या असू द्या.

नवा रिपोर्ट आला की आकडा कळवा, आणि त्या पाकिटामागे किती टक्के लिहिलंय तेही.

– मावशी